एकच बटण, पण दर वेळी वेगळे बिट: यूआरएचमधली नेहमीची अडचण

रिमोटचं एकच बटण दोन-तीनदा दाबायचं, दर वेळी सिग्नल रेकॉर्ड करायचा, आणि युनिव्हर्सल रेडिओ हॅकर (यूआरएच) या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की दर वेळी निराळे बिट. कधी मध्येच एखादा बिट जास्त, कधी सुरुवातच गायब, कधी अर्धा संदेश एका ओळीत आणि उरलेला दुसऱ्या ओळीत. वायरलेस सुरक्षेचा अभ्यास सुरू केलेल्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी इथे अडते. अडली की बहुतेक जण डीकोडिंगच्या, म्हणजे बिटांचा अर्थ लावण्याच्या पद्धतींच्या, यादीत शिरतात. मँचेस्टर लावून बघ, डिफरन्शियल लावून बघ, बिट उलटे करून बघ. त्यात अख्खी संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डीकोडिंग ही शेवटची पायरी आहे. घोळ त्याच्या आधीच कुठेतरी झालेला असतो, किंवा मुळात घोळ नसतोच.

यूआरएच हे जर्मनीतल्या श्ट्रालझुंड इथल्या योहानेस पोल आणि आंद्रेयास नोआक यांचं मुक्त सॉफ्टवेअर. २०१८ च्या यूझनिक्स वूट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत त्यांनी त्यावर निबंध सादर केला होता. सिग्नल रेकॉर्ड करणं, त्याचे बिट काढणं, संदेशांची तुलना, बदललेला संदेश परत पाठवणं, सगळं एकाच खिडकीत होतं, म्हणून नवशिक्यांना तेच सुचवलं जातं. सोबत बहुतेकांकडे हवेतले सिग्नल संगणकात घेणारा आरटीएल-एसडीआर डोंगल असतो: मुळात टीव्ही बघण्यासाठीचा, आठ बिटांचा, स्वस्त. खालचं सगळं या जोडीला धरून आणि ४३३.९२ मेगाहर्ट्झवरच्या साध्या रिमोटांना धरून आहे. दुकानाचं रोलिंग शटर, फाटकाची मोटर, वायरलेस डोअरबेल वगैरे. रिमोट स्वतःचा असावा, हे वेगळं सांगायला नको.

बिट नेमके कुठे बदलतात ते आधी बघा

बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. हे रिमोट बटण दाबलेलं असेपर्यंत एकच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहतात, त्यामुळे एका दाबण्यातच तुलनेला पुरेसे संदेश मिळतात. मग बटण सोडा, थोडं थांबा, परत दाबून धरा. दोन्ही रेकॉर्डिंग ॲनालिसिस टॅबमध्ये एकाखाली एक घ्या आणि फरक ठळक करून दाखवण्याचा पर्याय चालू करा.

आता रंगलेल्या जागा बघायच्या. एकाच दाबण्यातल्या संदेशांतही कुठेही, कसेही फरक दिसत असतील, तर बिघाड रेकॉर्डिंगमध्ये किंवा यूआरएचच्या सेटिंगमध्ये आहे. एका दाबण्यातले संदेश (फार तर शेवटचा एखादा बिट सोडून) तंतोतंत सारखे, पण दोन दाबण्यांमध्ये पहिला जवळपास अर्धा भाग पूर्ण वेगळा आणि उरलेला तसाच, असं असेल तर काहीच बिघडलेलं नाही. तो रोलिंग कोड आहे, म्हणजे दर दाबण्याला मुद्दाम बदलणारा कोड. आणि बिट सारखेच आहेत पण ओळी वेडीवाकडी तुटतात, असं असेल तर प्रश्न फक्त पॉज थ्रेशोल्डचा, म्हणजे किती शांततेनंतर संदेश संपला धरायचा त्या आकड्याचा.

एवढी तपासणी केली तर अर्ध्या लोकांना पुढचं वाचावंच लागणार नाही.

रोलिंग कोड असेल तर

मायक्रोचिपची एचसीएस३०१ ही चिप असंख्य रिमोटांत सापडते. तिचा संदेश ६६ बिटांचा. पहिले ३२ बिट कीलॉक पद्धतीने कूटबद्ध केलेले, आत एक गणक असतो आणि तो प्रत्येक दाबण्याला पुढे सरकतो, म्हणून हे ३२ बिट दर वेळी पार बदलतात. पुढचे ३४ उघडे: २८ बिटांचा अनुक्रमांक, ४ बिट कुठलं बटण दाबलं त्याचे, आणि २ स्थितीचे. स्थितीच्या दोन बिटांपैकी एक बॅटरी उतरल्याचं सांगतो. दुसरा सांगतो की हा संदेश बटण दाबून धरल्यामुळे पुन्हा पाठवलेला आहे. म्हणजे एकाच दाबण्यात पहिल्या संदेशात तो ० आणि पुढच्या सगळ्यांत १. सगळं सारखं आणि अगदी शेवटी एकच बिट वेगळा दिसला तर डोकं खाजवू नका, तो हाच.

या चिपचा प्रत्येक बिट हवेत तीन तुकड्यांचा असतो. ० म्हणजे ११०, १ म्हणजे १००. तुकड्याची लांबी साधारण ४०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला १० लाख सॅम्पल (सिग्नलची मोजमापं) घेत असाल तर ४०० सॅम्पल. संदेशाआधी २३ तुकड्यांची एकाआड एक अशी सलामी येते आणि मग १० तुकड्यांची शांतता. गंमत इथे आहे. यूआरएचचा पॉज थ्रेशोल्ड मुळात ८ वर असतो. आठपेक्षा जास्त तुकडे शांतता आली की तो संदेश तोडतो. त्यामुळे सलामीची एक आखूड ओळ आणि खऱ्या संदेशाची लांब ओळ अशी जोडी तयार होते, आणि लोकांना वाटतं सिग्नल तुटला. तुटलेला नाही. उलट हे सोयीचंच आहे: आखूड ओळी सोडून द्या, लांब ओळी घ्या.

त्या लांब ओळी १९८ तुकड्यांच्या असायला हव्यात. पण शेवटचा बिट १०० असला की मागची दोन शून्यं पुढच्या शांततेत विरघळतात आणि ओळ १९६ ची भरते. ११० असला तर १९७. यासाठी मोड्युलेशनच्या प्रगत सेटिंगमध्ये संदेशाची लांबी कशाच्या पटीत हवी ते सांगता येतं. तिथे ३ टाका, यूआरएच कमी पडलेली शून्यं शांततेतून उचलून भरतो. मग डीकोडिंगमध्ये सब्स्टिट्यूशन घ्यायचं, ११० च्या जागी ०, १०० च्या जागी १, की स्वच्छ ६६ बिट समोर.

पहिल्या ३२ बिटांच्या मागे लागू नका. कीलॉक अभेद्य नाही. बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये चिपच्या वीजवापराचं मोजमाप करून तिची किल्ली काढून दाखवली. पण ते काम प्रयोगशाळेतलं आहे, डोंगल लावून ऐकण्यातून होणारं नाही.

दर वेळी पहिलाच संदेश बिघडत असेल

गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतो तो आकडा, ऑटोवर आहे का ते बघा. बटण दाबायच्या आधी हवेत शांतता असते, म्हणून डोंगल गेन वर नेऊन बसतो. मग हातभरावरून रिमोट वाजतो आणि पहिला संदेश पार चेपून निघतो. गेन खाली येईपर्यंत तो संपलेला असतो. आठ बिटांच्या डोंगलमध्ये चढउताराला जागाही थोडीच असते.

गेन हाताने ठेवा. आर८२०टी या ट्यूनरचा (डोंगलमधल्या सिग्नल पकडणाऱ्या चिपचा) गेन ० ते ४९.६ डेसिबलपर्यंत टप्प्याटप्प्याने जातो. रिमोट टेबलावरच असेल तर २० च्या खालीच राहा आणि मग गरज पडली तर वाढवा. लाटेची शेंडी वर आणि खाली सपाट कापलेली दिसली की गेन जास्त आहे. अँटेना काढून टाकली तरी सिग्नल येतो, तेवढ्या जवळ. रिमोट दोन-तीन मीटर लांब नेणं हाही उपायच आहे, आणि बऱ्याचदा सर्वात चांगला.

बिट मधूनच वाढतात किंवा गळतात

हा मुख्य रोग. याचं मूळ जवळजवळ नेहमी तीन आकड्यांत असतं: सॅम्पल्स पर सिम्बॉल (एका तुकड्यात किती सॅम्पल), सेंटर (उंच आणि सखल यांमधली सीमारेषा) आणि एरर टॉलरन्स (किती सॅम्पलांची चूक माफ). ऑटोडिटेक्टचं बटण बरं काम करतं, पण रेकॉर्डिंगमध्ये शेजाऱ्याची डोअरबेल घुसली असेल तर तेही बहकतं. म्हणून आधी आपल्याला हवा तेवढाच भाग निवडून बाकीचं कापून टाका आणि मगच ऑटोडिटेक्ट दाबा.

उदाहरण म्हणून ईव्ही१५२७ घेऊ. स्वस्त रिमोटांत ही चिप फार चालते. संदेश २४ बिटांचा, त्यात २० बिट ओळखीचे आणि ४ बटणांचे. प्रत्येक बिट चार तुकड्यांचा: १ म्हणजे १११०, ० म्हणजे १०००. सुरुवातीला एक तुकडा उंच आणि ३१ तुकडे शांतता. तुकड्याची लांबी चिपला जोडलेल्या रोधावर ठरते. आपण ३५० मायक्रोसेकंद धरू, म्हणजे त्याच वेगाने ३५० सॅम्पल.

यूआरएच प्रत्येक उंच आणि प्रत्येक सखल पट्टीची लांबी या ३५० ने भागतो आणि जवळच्या पूर्णांकाला आणतो. आता सेंटर खूप खाली ठेवलंय असं समजा. सिग्नल चढताना लवकर १ धरला जातो आणि उतरताना उशिरा सुटतो, म्हणजे उंच पट्ट्या फुगतात आणि सखल तेवढ्याच आकसतात. ३५० ची पट्टी ४३० झाली तरी चालतं, भागाकार सव्वाच्या आसपास, उत्तर १ च. पण ५३० झाली की भागाकार दीडच्या पुढे गेला. तिथे दोन १ लिहिले जातात. शेजारची १०५० ची सखल पट्टी ८७० वर आली, भागाकार अडीचच्या किंचित खाली, तिथे दोन ०. म्हणजे १००० चं ११०० झालं. पुढच्या बिटाला पट्टी ५२० ची मिळाली की परत १०००. एकाच संदेशात काही बिट बरोबर आणि काही चूक, आणि दर वेळी वेगळे चूक. वरून पाहणाऱ्याला हे गूढ वाटतं. प्रत्यक्षात तो एका सीमारेषेवरचा खेळ आहे.

उपाय: सिग्नल व्ह्यू बदलून डीमॉड्युलेटेड करा. दोन रंगांचे पट्टे दिसतील आणि त्यांच्या मधली रेषा म्हणजे सेंटर. ती उंच पट्टीच्या साधारण निम्म्या उंचीवर आणा. मग माऊसने एक उंच आणि एक सखल पट्टी निवडून खाली किती सॅम्पल दाखवतो ते वाचा. ईव्ही१५२७ मध्ये लांब पट्टी आखूड पट्टीच्या तिप्पट भरायला हवी. उंचांत आणि सखलांत दोन्हीकडे हे जुळलं की सेंटर बसलं. नॉइजचा आकडा अंदाजाने टाकू नका. जिथे नुसती खसखस आहे असा भाग निवडा, उजवं क्लिक करा आणि त्यावरूनच नॉइज ठरवायला सांगा.

एरर टॉलरन्स मुळात ५ असतो. म्हणजे ५ सॅम्पलांपर्यंतचा खड्डा माफ, सहावा आला की पट्टी तुटली. ३५० सॅम्पलांच्या तुकड्याला ५ म्हणजे काहीच नाही. २० ते ३० पर्यंत न्यायला हरकत नाही. मात्र सॅम्पलिंगचा वेग बदलला की हा आकडाही त्या प्रमाणात बदला. हे हमखास विसरलं जातं.

बॅटरी उतरली की रोधावर चालणाऱ्या या चिपांचा ठेका थोडा सरकतो. कालचे ३५० आज ३३५ असू शकतात. ईव्ही१५२७ ला त्याने फरक पडत नाही, कारण एक आणि तीन यांत भरपूर अंतर आहे. पण एफएसके (फ्रीक्वेन्सी बदलून बिट पाठवण्याची पद्धत) वापरणाऱ्या उपकरणात, जिथे सलग दहा-अकरा सारखे बिट येऊ शकतात, तिथे लांबी पाच टक्क्यांनी चुकली की अकराव्या बिटापर्यंत चूक अर्ध्या बिटापलीकडे जाते. एक बिट जास्तीचा किंवा कमी. तिथून पुढचं सगळं सरकलेलं. अशा वेळी एक तुकडा मोजण्यापेक्षा सलामीतले २०-२५ तुकडे एकत्र निवडून मोजा आणि भागा.

एफएसकेमध्ये आणखी एक भानगड. साध्या डोंगलचा क्रिस्टल ५० पीपीएमने (दहा लाखांत ५०) चुकीचा असेल तर ४३३.९२ मेगाहर्ट्झवर जवळपास २२ किलोहर्ट्झचा फरक पडतो, आणि डोंगल तापला की तो आणखी सरकतो. एएसकेला, म्हणजे वरच्या रिमोटांसारख्या सिग्नलच्या उंच-सखलपणातून बिट पाठवण्याला, याची पर्वा नाही. एफएसकेमध्ये मात्र सेंटरची रेषाच हलते, म्हणून कालच्या रेकॉर्डिंगचं सेंटर आजच्याला लावू नका.

ओळींची लांबी जुळत नाही

ईव्ही१५२७ मध्ये २४ बिटांचे ९६ तुकडे व्हायला हवेत, आणि यूआरएच दाखवतो ९७. शेवटचा एकटा १ पुढच्या संदेशाच्या सुरुवातीचा असतो. ३१ तुकड्यांची शांतता त्याच्यानंतर येते, म्हणून तो मागच्या ओळीला चिकटतो. अगदी शेवटच्या संदेशाला असा शेजारी नसतो, म्हणून ती ओळ आखूड दिसते. दोन्ही ठीक आहेत. पॉज थ्रेशोल्ड ० करून बघण्याचा मोह होतो, पण तसं केलं तर तोडणंच बंद होतं आणि सगळे संदेश एका लांबलचक ओळीत येतात.

रेकॉर्डिंगच सदोष असेल

वरचं सगळं करूनही बिट नाचत असतील तर दुसऱ्या साधनाला विचारा. आरटीएल४३३ या प्रोग्रॅममध्ये पल्स विश्लेषणाचा पर्याय आहे. तो उंच-सखल पट्ट्यांच्या लांबीचे गट करून दाखवतो. तिथे ३५० आणि १०५० च्या आसपास दोन नीट गट दिसले तर रिसेप्शन चांगलं आहे आणि यूआरएचच्या सेटिंगकडे परत जायचं. गटच विखुरलेले असतील तर मूळ हार्डवेअरकडे.

तिथे बघायच्या गोष्टी भराभर सांगतो. सॅम्पल गळतात का, हे आरटीएल-एसडीआरसोबत येणाऱ्या टेस्ट प्रोग्रॅमने कळतं. बाइट हरवल्याचे संदेश सतत येत असतील तर यूएसबी हब काढा, व्हर्च्युअल मशीनमधून चालवत असाल तर थेट मूळ सिस्टिमवर चालवा, वेग १० लाखांवर आणा. वेग ५ लाख टाकला तर डोंगल तो घेतच नाही. ही चिप ३ लाखांच्या वर आणि ९ लाखांच्या खाली चालत नाही, म्हणजे अडीच लाख चालेल, १० लाख चालेल, मधलं नाही.

लिनक्सवर डोंगल उघडतच नसेल आणि त्रुटी उणे ६ असेल, तर कर्नेलच्या टीव्ही ड्रायव्हरने तो आधीच पकडलाय. तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करा आणि डोंगल काढून परत लावा. उणे ३ असेल तर फक्त परवानगीचा प्रश्न आहे, युडेवचे (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या भागाचे) नियम टाका. सगळं रूटने चालवायची सवय लावून घेऊ नका. विंडोजवर झाडिग या साधनाने विनयूएसबी हा ड्रायव्हर बसवावा लागतो, आणि डोंगल दुसऱ्या पोर्टात लावला की कधीकधी परत.

आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही४ डोंगल असेल तर आणखी एक. त्यात आर८२८डी ट्यूनर आहे, आणि जुनी लायब्ररी या ट्यूनरला १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे असं गृहीत धरते. व्ही४ मध्ये तो २८.८ चा आहे. त्यामुळे डोंगल सापडतो, रेकॉर्डिंग चालू होतं, आणि ऐकत मात्र भलत्याच ठिकाणी असतो. नवी लायब्ररी टाकल्याशिवाय त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही.

हॅकआरएफ या दुसऱ्या रेडिओ उपकरणावर नेमक्या मध्यभागी डीसीचा खांब (सिग्नल नसलेला खोटा उंचवटा) उभा राहतो, म्हणून दोन-तीनशे किलोहर्ट्झ बाजूला ट्यून करा. आर८२०टीवाल्या डोंगलला हा त्रास फारसा नाही.

फाइल दुसरीकडून आली असेल आणि उघडल्यावर नुसता गोंगाट दिसत असेल तर एक्स्टेंशन तपासा. आरटीएल-एसडीआरची कच्ची फाइल आठ बिटी बिनचिन्ह आकड्यांची असते. यूआरएच ती कशी वाचायची हे नावाच्या शेपटावरून ठरवतो. शेपूट चुकलं की तेच बाइट फ्लोट म्हणून वाचले जातात आणि बिचारा सिग्नल चिखल होतो. सीयू८ (.cu8) असं शेपूट लावून बघा.

सगळे बिट सारखे आले, मग?

ईव्ही१५२७ निघाला तर उत्तर सरळ आहे: कोड कायमचा एकच. २० बिट म्हणजे जास्तीत जास्त १०,४८,५७६ ओळखी, पण त्या मोजायचीही गरज नाही. एकदा ऐकलेला संदेश परत वाजवला की शटर उघडतं. डोअरबेलला हे चालून जाईल. दुकानाच्या शटरला चालणार नाही. तिथे रोलिंग कोडचा रिसीव्हर आणि रिमोट बदलून घ्यायचा, सेटिंगने हे सुटणारं नाही.

एचसीएस३०१ निघाला तरी एक तपासणी करून घ्या, कारण काही स्वस्त रिसीव्हर ते ३२ बिट बघतच नाहीत. २८ बिटांचा अनुक्रमांक जुळला की रिले ओढून मोकळे. अशा वेळी रिमोटात महागडी चिप असूनही शटर साध्या कोडचंच राहतं. आरटीएल-एसडीआर प्रसारण करू शकत नाही, त्यामुळे यासाठी प्रसारण करू शकणारं उपकरण लागेल. स्वतःच्या शटरचा एक संदेश रेकॉर्ड करून ठेवा, मधल्या काळात खऱ्या रिमोटने शटर आठ-दहा वेळा उघडा-बंद करा, आणि मग तो जुना संदेश वाजवा. मोटर हलली तर रिमोट ठेवा, रिसीव्हर बदला.